बंद पडलेला कॉम्प्युटर रिकामा नसतो

(पाली, जिल्हा बीड येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आज मी तुम्हांला एका जुन्या कॉम्प्युटरची हकीकत सांगणार आहे. ही हकीकत परगावची नाही, आपल्या पालीतलीच आहे. तो कॉम्प्युटर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. काहींची तर नावेच त्यात होती. तेव्हा नीट ऐका.

आपल्या गावातल्या एका बचत गटाने काही वर्षांपूर्वी एक वापरलेला कॉम्प्युटर विकत घेतला. गटाचा हिशेब त्यावर ठेवायचा, योजनांचे अर्ज भरायचे, बायकांची कागदपत्रे जपायची, असा हेतू होता. काम चांगले चालले. पुढे यंत्र जुने झाले, मंद झाले. त्यात विंडोज १० नावाची प्रणाली होती. कंपनीकडून तिला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर बसेना. ऊसतोडीचा हंगाम आला. अर्ध्या बायका कारखान्यांकडे गेल्या. कॉम्प्युटरवर फडके टाकून तो कोपऱ्यात ठेवला.

हंगाम संपला. मंडळी परत आली. गटाची बैठक भरली आणि जुना कॉम्प्युटर विकायचे ठरले. बीडचे एक गिऱ्हाईक मिळाले. अडीच हजारांवर सौदा आला. सगळ्या जणी 'हो' म्हणाल्या. एक ताई मात्र गप्प होती. अंगठा सोडून नुकतीच सही करायला शिकलेली. ती म्हणाली,

"यंत्र इका, माझं काही म्हणणं न्हाई. पण माझ्या आधार कार्डाची नक्कल त्याच्यात हाय. बँकेच्या बुकाची हाय. मी सही शिकले, ती सही बी त्याच्यात हाय. ते समदं अडीच हजारातच इकायचं का?"

बैठक गप्प झाली. प्रश्न खरा होता.

गटाच्या अध्यक्षबाईंचा मुलगा कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "त्यात काय अवघड? मी सगळं पुसून देतो." त्याने एक पेन ड्राइव्ह आणला, यंत्राला लावला, कळ दाबली. पंखा फिरू लागला. पण पडदा काळाच राहिला आणि त्यावर पांढरी अक्षरे उमटली : 'नो बूटेबल डिव्हाइस'. म्हणजे काय? तर 'ज्यावरून काम सुरू करावे असे मला काहीच सापडत नाही.' मुलाने तीनदा बंद-चालू करून पाहिले. तीनदा तीच अक्षरे.

तो म्हणाला, "गेला हा. आता यात काही राहिलं नाही. भंगारात देऊन टाका."

सगळ्यांना हायसे वाटले. आपोआपच पुसले गेले म्हणायचे!

मंडळी, घोटाळा होतो तो इथेच. कुलूप गंजले म्हणून पेटी रिकामी होत नाही. आपल्याला ती उघडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याजवळ हातोडी आहे त्याला ती उघडता येते. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे तसेच आहे.

कॉम्प्युटरच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक डबी असते. आपली सगळी कागदपत्रे, फोटो, हिशेब त्या डबीत असतात. बाकीचे यंत्र जळाले, मोडले, तरी डबी बहुधा शाबूत राहते. चार स्क्रू काढले की ती बाहेर येते. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तिच्यातले सगळे दिसते. त्याला फार मोठी विद्या लागत नाही. म्हणून मी त्यांना सांगितले, "भंगारात देऊ नका. आधी हा सुरू का होत नाही ते पाहू."

आता कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे काय होते ते समजून घ्या. गावात कोतवाल असतो ना, तसा एक लहानसा कोतवाल यंत्रात असतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या यंत्रांतल्या कोतवालाला यूईएफआय म्हणतात. वीज आली की तो आधी उठतो. स्मृतीची पट्टी जागेवर आहे का, डिस्क आहे का, हे पाहतो. मग डिस्कवर विंडोज कुठे आहे ते शोधतो आणि कारभार तिच्या हाती देतो. विंडोज सापडली नाही तर तो काळ्या पडद्यावर तसे लिहितो. डिस्क भरलेली आहे की रिकामी, हे तो सांगत नाही. मला वाट सापडली नाही, एवढेच सांगतो.

जुन्या यंत्रांत या कोतवालाची आठवण नाण्याएवढ्या एका सेलवर चालते. त्या सेलला सीआर २०३२ म्हणतात. तो तीन व्होल्टचा असतो. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले, सेल जुना असला, की तो संपतो. मग कोतवाल सगळे विसरतो. तारीख विसरतो, आणि कोणत्या डिस्कवरून, कोणत्या पद्धतीने सुरू व्हायचे तेही विसरतो.

मी यंत्र चालू करताना डिलीट ही कळ दाबत राहिलो आणि कोतवालाचे पान उघडले. तारीख पाहिली. १ जानेवारी २०१२! दुखणे कळले. बीडला जाणाऱ्या एकाला सांगून घड्याळाच्या दुकानातून सेल आणवला. यंत्राची वायर भिंतीतून काढली, झाकण उघडले, जुना सेल काढून नवा बसवला. मग तारीख नीट केली. सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, एक जुनी आणि एक नवी. या यंत्रात विंडोज नव्या पद्धतीने बसवलेली होती आणि कोतवाल जुन्या पद्धतीने शोधत होता. ती दुरुस्त केली. यंत्र पुन्हा चालू केले.

विंडोज सुरू झाली! पाठोपाठ सगळे पडद्यावर आले. गटाचा हिशेब, बायकांचे फोटो, आधार कार्डे, पासबुकांची पाने. ज्याला आपण मेला म्हणत होतो त्याने डोळे उघडले. ताईने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "बाई गं! हे समदं भंगारवाल्याकडं चाललं होतं की!"

मुलगा जरा ओशाळला. पण पोरगा मेहनती. त्याने आधी गटाचा हिशेब दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. हे त्याने फार चांगले केले. पुसण्याआधी ठेवायचे ते बाजूला काढावे, आणि काढलेले उघडते का ते पाहावे. एकदा पुसले की रडून उपयोग नाही. मग त्याने ईमेलच्या खात्यातून 'साइन आउट' केले. बाकीचे सगळे निवडले, डिलीट केले, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. म्हणाला, "झालं!"

मी म्हटले, "थांब." पुसलेले परत आणणारी एक प्रणाली मी त्यावर चालवली. अर्ध्या तासात ताईच्या पासबुकाचे पान पडद्यावर पुन्हा आले.

असे का झाले? ज्वारी काढल्यावर रान मोकळे दिसते, पण धसकटे जमिनीत असतात. डिलीट केले म्हणजे वरचे कणीस खुडले. कॉम्प्युटर फक्त यादीतले नाव खोडतो. खालचा मजकूर जागेवरच असतो. झटपट फॉरमॅट केले तरी तेच. यादी कोरी होते, मजकूर राहतो. रान खरे मोकळे करायचे तर नांगरट करावी लागते. डिस्कची नांगरट म्हणजे तिच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत नवे काहीतरी लिहायचे. बहुधा शून्येच लिहितात. जुन्या फिरत्या डिस्कवर असे एकदा पूर्ण लिहिले की आपल्या कामापुरते पुरे.

हे काम विंडोज चालू असताना होत नाही. ज्या फांदीवर बसलो ती तोडता येत नाही. म्हणून यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करावे लागते. मुलाचा पेन ड्राइव्ह मात्र यंत्र ओळखेना. विचारले तेव्हा कळले, त्याने फाइल नुसती उतरवून घेतली होती. तसे चालत नाही. यंत्र ज्यावरून सुरू व्हावे असा पेन ड्राइव्ह खास तयार करावा लागतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी त्यासाठी मीडिया क्रिएशन टूल नावाचे साधन फुकट देते. रूफस नावाचेही एक साधन आहे. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर बसून त्याने विंडोज बसवण्याचा पेन ड्राइव्ह नीट तयार केला. मग चालू करताना निवडीची यादी उघडली. ही यादी उघडण्याची कळ निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी असते. डेल व लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांत एफ १२, एचपीच्या यंत्रांत एफ ९ किंवा एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला आणि काम सुरू झाले.

विंडोज बसवण्याचे पहिले पान आले की शिफ्ट आणि एफ १० या कळा एकदम दाबतात. काळी खिडकी उघडते. तिच्यात 'डिस्कपार्ट' हा हुकूम देतात. मग 'लिस्ट डिस्क' म्हटले की जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी येते. इथे फार जपावे. यादीत आपला पेन ड्राइव्हही असतो. आकार पाहून डिस्क ओळखावी. आमची पाचशे जीबीची होती, पेन ड्राइव्ह सोळाचा. ज्या डिस्का पुसायच्या नाहीत त्या आधीच काढून ठेवाव्या. योग्य डिस्क निवडली की 'क्लीन ऑल' असा हुकूम. यातला 'ऑल' शब्द विसरू नका. नुसते 'क्लीन' म्हटले तर फक्त यादी जाते. 'ऑल' म्हटले तर पूर्ण नांगरट होते. त्याला काही तास लागतात. पडद्यावर काही हालत नाही. यंत्र अडकले असे वाटते. ते अडकलेले नसते. काम चालू असते. धीर धरावा.

आम्ही धीर धरला, पण विजेने धरला नाही. तासाभरात लाइट गेली! घरात इन्व्हर्टर नव्हता. लाइट आल्यावर पेन ड्राइव्ह काढून यंत्र चालू केले. काळा पडदा, पांढरी अक्षरे : 'नो बूटेबल डिव्हाइस'.

मुलगा म्हणाला, "बरं झालं. आता तरी पुसला गेला ना?"

तुम्ही सांगा, पुसला गेला का? नाही. अर्धे रान नांगरले, अर्धे तसेच राहिले. अक्षरे तीच होती, पण पहिल्या वेळी डिस्क भरलेली होती, आता अर्धी पुसलेली होती. म्हणून काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. या वेळी शेजारून इन्व्हर्टरची वायर आणली. रात्री लावले, पहाटेपर्यंत झाले. सकाळी यंत्र चालू केले. तिसऱ्यांदा तीच अक्षरे आली.

पण आता आम्ही नुसत्या अक्षरांवर विश्वास ठेवणार नव्हतो. डिस्क काढली, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, आणि पुसलेले परत आणणारी तीच प्रणाली पुन्हा चालवली. काही सापडले नाही. एकही फोटो नाही, एकही पान नाही. तेव्हा ताई म्हणाली, "आता इका."

गिऱ्हाइकाला चालू यंत्र हवे होते. म्हणून डिस्क परत बसवून कोरी विंडोज घातली आणि नाव विचारणाऱ्या पहिल्या पानावर सोडून दिली. पुढचे नाव ज्याचे त्याने लिहावे.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या यंत्राचे दुखणे वेगळे असू शकते. म्हणून पाहण्याचा क्रम सांगतो. तो ध्यानात ठेवा.

यंत्रात जीवच नसेल, दिवा नाही, पंखा नाही, तर आधी वीज पाहावी. दुसऱ्या बटणावर दुसरे काही लावून पाहावे. यंत्राच्या पाठीमागेही एक बटण असते, ते पाहावे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, आणि मग नुसता चार्जर लावून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच जाग येते. विजेची जी पेटी यंत्राच्या आत असते ती मात्र कधी उघडू नये. वायर काढली तरी तिच्यात विजेचा धक्का शिल्लक असतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि यंत्र पीं-पीं ओरडते, तर बहुधा स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, नीट बसलेली नसते. आपल्याकडे धूळ थोडी का आहे? वायर काढावी, यंत्राच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, पट्टी काढावी. तिचे सोनेरी दात पाटी-पुस्तकातल्या खोडरबराने हलके पुसावे. भुगा झटकावा. मग पट्टी दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी.

पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर तो यंत्राच्या पाठीमागच्या भोकात लावून पाहावा. पुसण्याची एखादी प्रणाली नवे यंत्र चालू देत नसेल तर कोतवालाच्या पानावर 'सिक्युअर बूट' नावाचा पहारा असतो, तो काम होईपर्यंत बंद करावा. डीबॅन नावाची पुसण्याची एक जुनी प्रणाली लोक अजून सुचवतात. ती जुन्या पद्धतीच्या यंत्रांसाठी होती. नव्या पद्धतीच्या यंत्रांवर ती सुरूच होत नाही. तो यंत्राचा दोष नव्हे.

यंत्र एकदम अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागू लागले तर घाबरू नये. ते बिटलॉकरचे कुलूप आहे. आतले काही वाचवायचे असेल तरच ती किल्ली लागते. पेन ड्राइव्हवरून सगळे पुसायचे असेल तर किल्लीवाचूनही पुसता येते.

काही यंत्रांत फिरती डिस्क नसते, एसएसडी नावाची चिप असते. तिच्यावर वरून लिहिले तरी काही कोपरे सुटतात. तिच्या कंपनीनेच पुसण्याचा हुकूम दिलेला असतो, त्याला सिक्युअर इरेज म्हणतात. तो वापरावा.

आणि काही केल्या यंत्र सुरूच झाले नाही तर? सोपे आहे. डिस्क काढून घरात ठेवा आणि यंत्र डिस्कवाचून विका. शेपन्नास रुपये कमी येतील, येऊ द्या. पुढे सवडीने ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून पुसा. डिस्कच बिघडली असेल, खडखड आवाज करत असेल, तर जाणत्याकडून आपल्या डोळ्यांदेखत तिला आरपार भोके पाडून घ्या. घरी ठोकू नका, लॅपटॉपच्या डिस्केत काच असू शकते. जाळू तर मुळीच नका, धूर विषारी असतो. अशा मालासाठी सरकारचे ई-कचरा नियम, २०२२ आहेत. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नोंदणी असलेल्या संस्थेकडेच तो द्यावा.

आपल्या माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे. पण कायदा चोरीनंतर धावतो. दाराची कडी आपणच लावायची असते.

आता शेवटचे सांगतो. यंत्राच्या विक्रीची पावती लिहायची होती. अध्यक्षबाईंनी कागद ताईपुढे ठेवला. म्हणाल्या, "तू लिही." ताईने एकेक अक्षर जपून लिहिले, 'यंत्र दिले. आमचे कागद दिले नाहीत.' आणि खाली सही केली.

तुम्ही या वर्गात लिहायला शिकलात. आता पुसायलाही शिका. आणि जे बंद पडले ते रिकामे झाले, असे कधी समजू नका.